शेरभर नाचणी दळेपर्यंत

वडिवळ्याच्या झुंबरबाईचा हात हलका, असं सारं नाणे मावळ म्हणायचं, आणि झुंबरबाईला ते ऐकायला फार गोड वाटायचं. का वाटू नये हो? नवरा ऐन उमेदीत गेलेला, पदरात एकुलती एक पोर, आणि शेत म्हणाल तर ओढ्याकाठची भाताची दोन खाचरं. पण कुठल्याही घरात बाईला कळा सुरू झाल्या की माणूस पळत यायचा तो झुंबरबाईच्याच दारात. मग ती पदर खोचायची, तेलाची वाटी उचलायची आणि पाटलाच्या बायकोलासुद्धा दरडावायची, "आता रडायचं काम न्हाई, मी आलीया."

सुईणपण तिला सासूनं शिकवलं होतं. बाळ बाहेर आलं की घरातल्या विळ्यानं नाळ कापायची. तो विळा मग धुवायचा नाही. बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचा, पाचव्या दिवशी पाट्यावर मांडून सटवाईच्या नावानं पुजायचा, आणि तोवर त्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. पाणी लागलं तर सटवाईनं पोराच्या कपाळी लिहायचं तेच धुऊन जातं, अशी तिच्या सासूची शिकवण. नाळेच्या तोंडाला गोवरीची राख. दुसऱ्या सुइणी चुलीतली चिमूट कशीतरी टाकून मोकळ्या व्हायच्या. झुंबरबाईचं तसं नव्हतं. ती गोठ्यातल्या जुन्या शेणाची वेगळी राख करायची, फडक्यातून चाळायची, पिठासारखी मऊ झाली की मगच वापरायची. त्या राखेचा तिला तोरा होता, खोटं कशाला बोला.

पोरं जगायची, तशी काही जायचीही. जायची ती बहुतेक सातव्या-आठव्या दिवशी. सकाळी पोर अंगावर पिईनासं व्हायचं, जबडा आवळला जायचा, जरा कुणाचा धक्का लागला तरी अंग ताठ होऊन मागं वाकायचं, आणि दोन दिवसांत सारं आटपायचं. सटवाईनं नेलं, म्हणायचे लोक. सुइणीला कुणी बोल लावत नसे आणि सुईणही तो स्वतःला लावून घेत नसे.

हे सगळं ठीक चाललं होतं, ते तिच्या लेकीची पाळी येईपर्यंत.

लेकीचं नाव शालू. तिला कार्ल्याला दिली होती, महिपतीच्या घरी. पहिलं बाळंतपण माहेरी, वडिवळ्यात. मुलगा झाला. झुंबरबाईला काय करू न् काय नको असं होऊन गेलं. गावच्या पोरांना ती राख एकदा लावायची, नातवाला दिवसातून तीनदा लावली. राखेसाठी गोठ्याच्या अगदी आतल्या कोपऱ्यातलं, वर्षानुवर्षं मुरलेलं शेण काढलं. सातव्या दिवशी पोरानं तोंड मिटलं. दुसऱ्या खेपेला शालू सासरीच बाळंत झाली, तेव्हा झुंबरबाई वडिवळ्याहून चालत कार्ल्याला गेली ती आपली राख फडक्यात बांधून घेऊनच. न जाणो, तिकडची जाडीभरडी असली तर! ती नात आठ दिवस जगली.

आता शालूला तिसऱ्यांदा दिवस गेले होते, आणि तिच्या सासूनं, कस्तुराबाईनं, झुंबरबाईला समोर बसवून सरळ सांगितलं होतं.

"ईनबाई, तुमच्या लेकीवर माझा राग न्हाई. पर ह्या बी खेपंला तसंच झालं, तर महिपतीचं दुसरं लगीन. पोरगी बघून ठिवलीया मी."

बोलणं काही वाईट नव्हतं हो, बोलताना कस्तुराबाईनं गुळाचा खडाही पुढं केला होता. पण झुंबरबाईनं तो तोंडात घातला नाही. सवत आली की शालूचं काय होणार, ते तिला ठाऊक होतं. दुसरीच्या पोरांची धुणी धुवायची आणि दारात बसून उरलेलं खायचं. अशा दोन बायका तिच्या ओळखीत होत्या.

अशात सत्तावीस सालच्या उन्हाळ्यात वडिवळ्यात मिशनची लीलाबाई आली. लोणावळ्याला मेथडिस्ट मिशनचं छोटं देऊळ होतं, म्हणजे चर्च, शेजारी दवाखाना आणि मुलींचं बोर्डिंग. लीलाबाई तिथली नर्स. छप्पनच्या, म्हणजे इसवी सन एकोणीसशेच्या, दुष्काळात आईबाप मेलेली ही पोर मिशननं वाढवली, शिकवली. पांढरं लुगडं, पायात वहाणा, हातात कातड्याची पिशवी. तिनं गावातल्या सुइणींना गोळा केलं आणि म्हणाली, लोणावळ्याला दवाखान्याच्या गोऱ्या मिससाहेब वर्ग घेणार आहेत, सहा बुधवार यायचं, शिकेल तिला साबणाची वडी आणि एक डबा मिळेल.

गावात लगेच कुजबूज. मिशनवाले पाण्यातून काहीतरी पाजतात. तिथला चहा प्याला की माणूस बाटलं. एकदा त्यांच्या वहीत नाव चढलं की मेल्यावर आपली माणसं हात लावत नाहीत. झुंबरबाईनं हे सगळं ऐकलं आणि तिचं धाबं दणाणलं. पण लीलाबाई जाता जाता एवढंच बोलून गेली होती, "सातव्या दिवशी जाणारी पोरं वाचतात, मावशी. मी वाचलेली पाहिली आहेत." त्या एका वाक्यानं झुंबरबाईची झोप उडाली. चौथ्या दिवशी बुधवार होता. भाकरी बांधून घेतली, पाण्याचा तांब्या घरूनच भरून घेतला आणि कामशेतला येऊन ती लोणावळ्याच्या आगगाडीत बसली.

दवाखान्याच्या ओसरीवर पाच सुइणी होत्या. आधी लीलाबाईनं एक भजन म्हटलं, तेवढा वेळ झुंबरबाई कानांवरून पदर ओढून बसली. मग मिससाहेब आल्या, उंच, लाल गालांच्या, मराठी बोलायच्या ते बरं बोलायच्या. त्यांनी चिंध्यांची एक बाहुली काढली. बाहुलीच्या बेंबीला सुतळी शिवलेली. पाचही जणी पदरात तोंड लपवून हसल्या.

"सातव्या दिवशी काय होतं, सांगू?" लीलाबाई म्हणाली. "सकाळी बाळ पीत नाही. तोंड उघडायला गेलं तर उघडत नाही. धक्का लागला की ताठ होतं आणि धनुष्यासारखं मागं वाकतं. खरं ना?"

हसणं थांबलं. झुंबरबाई टक लावून लीलाबाईकडं बघायला लागली. ही बाई कधी वडिवळ्याच्या बाळंतिणीच्या खोलीत आली नव्हती, कार्ल्याच्याही नाही. मग हिला कळलं कसं?

"ती सटवाई नाही, मावशी. तो धनुर्वात. कापलेली नाळ ही उघडी जखम असते. शेणात, मातीत, गंजल्या विळ्यावर ह्या रोगाचं विष असतं, डोळ्यांना दिसत नाही. आपणच ते जखमेत भरतो."

"राख तर देवाला बी लावत्यात," एक सुईण फणकारली.

"लावा की. देवाला जखम नसते."

झुंबरबाई जरा पुढं सरकली. "आन बाई, राख दिसातनं तीनदा लावली तर?"

"मग तीनदा विष घातल्यासारखं," लीलाबाई म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत, समोरची का विचारतेय ते.

त्यानंतर मिससाहेबांनी नाळ बांधायची कशी, हात नखांपासून कोपरापर्यंत धुवायचे कसे, ते बाहुलीवर करून दाखवलं. झुंबरबाई बघत होती, पण डोळ्यांसमोर दुसरंच. वर्ग सुटल्यावर ती अंगणातल्या जांभळीखाली बसली आणि बोटांची पेरं मोजायला लागली. कोंडाजीचा थोरला. धोंडाबाईच्या दोन्ही पोरी. सुताराचा मुलगा. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा तिनं मोजणं थांबवलं, कारण पुढची दोन तिच्या शालूची होती.

घरी परतताना गाडीत तिच्या मनानं जे घेतलं ते फार वाईट होतं. शालूचं पोर गेलं तर शालूचा संसार बुडाला, ही भीती तर होतीच. पण पोर जगलं तर? विळा उकळून, राख न लावता ते जगलं, तर लीलाबाईचं खरं. मग आधीची दोन कुणी मारली? सटवाईवर ढकलायलाही जागा उरायची नाही. नको ते शिकणं, असं तिला वाटलं. उद्यापासून जायचंच नाही. असं म्हणत म्हणत ती सहाही बुधवार गेली.

तिसऱ्या बुधवारी तिनं एक अडचण काढली. हत्यार वीस मिनिटं उकळायचं म्हणता, पण आमच्याकडं घड्याळ कुठलं? मिससाहेब विचारात पडल्या. बोर्डिंगात पोरींसाठी जातं होतं. लीलाबाईनं झुंबरबाईला त्यावर शेरभर नाचणी दळायला बसवलं आणि घड्याळ हातात घेऊन स्वतः समोर उभी राहिली. शेर संपला तेव्हा वीस मिनिटांवर थोडा वेळच झाला होता. "झालं तर," मिससाहेब म्हणाल्या, "तुमचं घड्याळ हे." शेवटच्या बुधवारी डबा मिळाला. आत कात्री, पक्का दोरा, साबणाची वडी, पांढऱ्या फडक्याच्या घड्या. त्या दिवशी झुंबरबाई मिशनचा चहाही प्याली. बाटण्याची भीती तिच्या मनातून केव्हाच गेली होती, तिच्या जागी केवढी मोठी भीती येऊन बसली होती.

भाद्रपदात कार्ल्याहून निरोप आला. झुंबरबाई पोहोचली तेव्हा दिवस कासराभर वर आला होता आणि शालू भिंतीला टेकून कण्हत होती. कस्तुराबाईची नजर आधी डब्यावर गेली.

"ह्ये काय आनलंय?"

"नाळ कापाया कात्री हाय. लोनावळ्याच्या दवाखान्यातली."

"मिशनची?" कस्तुराबाईनं डबा असा उचलला की जणू त्यात विंचू आहे. "ईनबाई, माझ्या घरात मिशनच्या कात्रीनं नाळ कापायची न्हाई. पोर किरिस्ताव झालं तर? आमचा इळा हाय की. माझा महिपती त्याच इळ्यानं सुटा झालाय." आणि डबा तिनं नेला कुठं, तर बाहेर पेंढ्याच्या गंजीमागं. येताना वळचणीतून विळा घेऊन आली आणि शालूच्या उशाशी ठेवला.

झुंबरबाईनं विळ्याकडं पाहिलं. पात्यावर तांबडा गंज, मुठीजवळ शेणाचा वाळका पापुद्रा. भांडावं तर विहीण हाताला धरून बाहेर काढेल आणि दुसरी सुईण बोलावेल, ती हाच विळा घेणार, वर राख फासणार. गप्प बसावं तर सातवा दिवस. शालूनं एवढ्यात मोठ्यानं "आये गं!" केलं, आणि झुंबरबाईच्या तोंडून जे निघालं त्यानं तीच दचकली.

"ईनबाई, मला सपान पडलं हुतं."

"कसलं?"

"आई एकवीरा आली हुती. हिरवं लुगडं, कपाळभर मळवट." आता मागं फिरायची सोय नव्हती. "म्हनली, तुमच्या दोनी घरच्या इळ्यांनी दोन जीव खाल्लं, ह्यो बी इटाळलाय. शेरभर नाचणी दळस्तवर त्याला उकळत्या पाण्यात घाल. राख लेकराच्या कपाळाला लाव, बेंबीला लावू नगंस. मग त्ये माजं, मी सांभाळीन."

कस्तुराबाई पटकन हात जोडून डोंगराच्या दिशेला वळली. गावाच्या डोक्यावरच देवीचं ठाणं, तिच्या नावानं कुणी खोटं बोलेल हे कार्ल्यात कुणाच्या स्वप्नातही येणार नाही. जन्मात झुंबरबाईनं देवीला नवस बोलून चुकवला नव्हता, आणि आज तिचं नाव घेऊन ती चक्क थाप मारत होती, तेही लेकीच्या पोटातलं पोर पणाला लावून. आई माझे, काय भोगायला लावायचं ते मला लाव, असं ती मनात म्हणाली आणि तपेल्यात विळा सोडला. त्याच पाण्यात दोऱ्यासाठी फडक्याची चिंधीही टाकली. मग जात्याशी बसली.

आता बघा, आत पोरगी कळा देतेय आणि तिची आई ओसरीवर घरघर नाचणी दळतेय! शेजारणी दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावत होत्या. शालू रडत म्हणाली, "आये, तू हितं ये की गं!" झुंबरबाईच्या डोळ्यांतलं पाणी पिठात पडत होतं, पण खुंटा सोडला नाही. शेर संपला तशी उठली, कमरेच्या पिशवीत लपवलेली साबणाची वडी काढली, कोपरापर्यंत हात घासले आणि आत गेली. दुपार व्हायच्या आत मुलगी झाली. विळा गरम होता, नाळ एका झटक्यात तुटली.

मुलगी झाली म्हणून कस्तुराबाईनं नाक मुरडलं नाही, हे तिचं मोठेपण म्हणायचं. "जगू दे म्हंजी झालं," एवढंच बोलली.

ते सात दिवस झुंबरबाईनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. ती पोरीजवळून हलत नसे. कुणी बघायला आलं की आधी त्याच्या हातांकडं बघायची. पाय वाजला की दचकायची. पोरीनं जांभई दिली की हिच्या काळजाचं पाणी व्हायचं, आता तोंड मिटतं की उघडं राहतं! चौथ्या दिवशी इंद्रायणीवर बाळोती धुऊन ती परत आली, तर कस्तुराबाई राखेची वाटी घेऊन पोरीवर वाकलेली.

"कुटं लावली?" झुंबरबाई ओरडलीच.

"कपाळाला की! देवीनं सांगितलंय तसंच." कस्तुराबाई चिडली. "माज्या नातीची मला काळजी न्हाई व्हय?"

कपाळावर राखेचं बोट होतं खरं. पण पोरीच्या दुपट्याच्या घडीतही थोडी भुरकी पडली होती, बेंबीपासून चार बोटांवर. वाऱ्यानं उडाली की बोटानं लावली? विचारायची सोय नव्हती. झुंबरबाईनं उकळलेलं पाणी निववून तेवढी जागा पुसली, पुन्हा पुसली, आणि मग भिंतीला पाठ लावून बसली. पाचव्या दिवशी पाटा मांडला, विळा पुजला. सगळ्यांनी हात जोडले. झुंबरबाईनं डोळे मिटले ते सटवाईपुढं की एकवीरेपुढं की लीलाबाईच्या त्या देवापुढं, तिला सांगता आलं नसतं.

सातव्या दिवशी सकाळी शालूनं हाक मारली. "आये, ही पीत न्हाई."

झुंबरबाईला जागचं उठवेना. हाच दिवस, हीच वेळ, हेच शब्द. तिसऱ्यांदा. शालूचा चेहरा पांढराफटक पडला होता. दारात कस्तुराबाई येऊन उभी राहिली होती, काही बोलत नव्हती, आणि तिच्या त्या न बोलण्यात ती बघून ठेवलेली पोरगी उभी होती. झुंबरबाई कशीबशी उठली, साबणानं हात धुतले आणि करंगळी पोरीच्या ओठांवर ठेवली. ओठ मिटलेले. तिनं जरा जोर दिला. हिरड्या करंगळीवर घट्ट आवळल्या.

"मेलं गं माजं," ती पुटपुटली.

आणि पोरीनं करंगळी चोखायला सुरुवात केली. अशी चोखली, अशी ओढली, की झुंबरबाईचं बोट दुखलं. मग बोटातून दूध येत नाही म्हणून कार्टीनं घर डोक्यावर घेतलं. पहाटे पोटभर पिऊन झोपली होती, शालूनं पाजायला घेतलं तेव्हा झोप पुरी झाली नव्हती, बस एवढंच! शालू हसत होती आणि रडत होती. नवव्या दिवशी नाळ वाळून आपोआप गळून पडली, खाली कातडी स्वच्छ, कोरडी.

बारशाला सारं कार्ले लोटलं. पहिली दोन गेलेली, म्हणून दृष्ट लागू नये असं नाव ठेवलं, धोंडा. कस्तुराबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वप्नाची गोष्ट सांगत होती आणि दर वेळी देवीच्या अंगावर एखादा दागिना वाढत होता. बायका येऊन झुंबरबाईच्या पाया पडत होत्या. झुंबरबाई पाय आखडून घ्यायची, लोकांना वाटायचं किती ही साधी. तिला मात्र घरातून पळून जावंसं वाटत होतं. पोर जगलं होतं. म्हणजे लीलाबाईचं खरं होतं.

माणसं पांगल्यावर शालू पोरीला पाजत बसली होती. बोलताना तिच्या मनात काही वाकडं नव्हतं.

"आये, एक सांग. एकवीरेनं त्ये सपान तुला आदी का गं न्हाई धाडलं? माजी दोनी वाचली असती."

ह्याच प्रश्नाला झुंबरबाई लोणावळ्याच्या त्या जांभळीखालपासून घाबरत होती. होय म्हणून मान हलवली असती तर निभावलं असतं. देवीची मर्जी, म्हटलं असतं तरी पोरीनं ऐकून घेतलं असतं. पण पोर पोटभर पिऊन आईच्या मांडीवर पडलं होतं, त्याची मूठ उघडीच राहिली होती, आणि ती मूठ बघून झुंबरबाईला पुन्हा खोटं बोलवेना.

"सपान न्हवतं, शालू. मिशनच्या बाईनं शिकवलं. देवीचं नाव मी लावलं. तुझ्या सासूनं ऐकलं नसतं." ती थांबली. "त्या दोघांस्नी सटवाईनं न्हाई नेलं. माज्या राखंनं गेली ती. लय मायेनं लावली गं मी. तीनदा लावली."

पोरीला छातीशी धरून शालू भिंतीकडं वळली. त्या दिवशी संध्याकाळी धोंडाला अंघोळ तिनं स्वतः घातली, आईला हात लावू दिला नाही. दुसऱ्या दिवशी झुंबरबाई निघाली तेव्हा वेशीपर्यंत पोचवायला कस्तुराबाई आली. गंजीमागचा डबाही तिनंच आणून दिला. शालू आली नाही.

झुंबरबाईला वाटलं, संपलं. ती तडक लोणावळ्याला गेली आणि डबा लीलाबाईसमोर ठेवला. आता मला हे काम नको, म्हणाली. लीलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग डबा परत तिच्याकडं सरकवला. "तुम्ही नाही गेलात, मावशी, तर त्या घरी राख घेऊन दुसरी जाईल."

म्हणून ती जात राहिली. पुढं एकोणीस वर्षं. ज्या ज्या घरची पोरं गेली त्या प्रत्येक घरी जाऊन तिनं कबूल केलं, असं मी म्हणणार नाही. तीन घरी गेली. पहिल्या घरात बाई तिच्या गळ्यात पडून रडली. दुसऱ्या घरात तिच्यावर चुलीतलं लाकूड उगारलं. तिसऱ्या घरी वडिवळ्याच्या धोंडाबाईनं शांतपणे विचारलं, "दोनी पोरी का, मावशी? का एकच?" चौथ्या घराच्या उंबऱ्यावरून ती परत फिरली, तिच्यानं झालं नाही. पण नव्या बाळंतिणीच्या घरी मात्र ती तपेलं चढवायची, जात्याशी बसायची आणि विचारेल तिला सरळ सांगायची की ह्या हातांनी पोरं गेलीत, म्हणून मी असं करते. काही लोक त्यामुळं तिला बोलवेनासे झाले. बोलावलेल्या घरांत सातवा दिवस आला की ती अन्न टाकायची. ती भीती कधी गेली नाही.

आणि शालू? शालू सणावारी यायची, पाया पडायची, लुगडं न्यायची. चांगली वागायची हो, अगदी रीतीनं. पुढं तिला दोन मुलगे झाले. दोन्ही वेळा बाळंतपणं लोणावळ्याच्या दवाखान्यात लीलाबाईनं केली, आणि आईला निरोप आला तो बारशाचा. त्या दुपारच्या बोलण्याचा शब्द तिनं पुन्हा काढला नाही. झुंबरबाईचीही विचारायची छाती झाली नाही.

सत्तेचाळीस सालच्या माघात कार्ल्याहून बैलगाडी आली. गाडीत शालू स्वतः होती. धोंडा पहिलटकरीण, माहेरी आली होती.

"चल, आये," ती म्हणाली.

"दवाखान्यात ने तिला," झुंबरबाई म्हणाली. वय सत्तरीचं, नजर मंदावलेली. "माजं काय काम?"

"तिला तू पायजेस. मला बी."

घरी पोहोचल्या तो धोंडाच्या कळा वाढल्या होत्या. कस्तुराबाई जाऊन सहा वर्षं झाली होती, पण तिचा विळा होता. झुंबरबाईनं पिशवीतला डबा उघडला, तर आत कात्री नव्हती, शालूनं ती काढून विळ्याबरोबर आधीच तपेल्यात सोडलेली. मग शालू जात्याशी बसली आणि मापानं शेरभर नाचणी घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. एकोणीस वर्षांपूर्वी कळा देता देता तिनं जे ऐकलं होतं, ते तिला जसंच्या तसं आठवत होतं.

खुंटा फिरत होता आणि झुंबरबाई दारात उभी राहून आपल्या हातांकडं बघत होती. ते लटलट कापत होते. हीच ओसरी, हेच जातं, आत तीच पोर जिनं तिची करंगळी चोखली होती. आता हिचं काही झालं तर? पुन्हा आपल्याच हातून?

"शेर झाला, आये," शालू म्हणाली.

"मला न्हाई जमायचं, शालू. माजं हात बघ. भ्या वाटतंय मला. ह्या हातांनी..."

शालू उठली. उंबऱ्याशी पाण्याची कळशी आणि साबणाची वडी ठेवली होती. तिनं आईला खाली बसवलं, तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि साबण लावायला सुरुवात केली. आधी कोपरापासून मनगटापर्यंत. मग तळवे. मग एकेक बोट, एकेक नख, सावकाश. झुंबरबाई नातवाला राख लावताना जशी हळू लावायची, अगदी तशी. झुंबरबाईच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं, पण हात साबणात होते, पुसता येईना.

शालूनं कळशी तिरकी करून पाणी सोडलं. सगळा फेस निघून गेला तरी तिनं आणखी थोडं पाणी ओतलं.

"झालं साफ," ती म्हणाली. "चल आता, पोरगी खोळंबलीया."